लेन्सचा आवाज

माळावर गवताच्या कडेला पोटावर पालथी पडून मी टिटवीवर कॅमेरा रोखला होता. समोर उघड्या खड्यांत तिची अंडी होती. माझ्या हातात नव्यानेच घेतलेली, खिशाला परवडणारी झूम लेन्स होती. फोकस शोधताना तिची मोटर फुसफुसायची. आज जरा जास्तच.

"आवाज करू नकोस गं, उडेल ती," मागे बाभळीआड उभे असलेले हे कुजबुजले.

"मी कुठे करतेय? ही लेन्सच मेली तशी आहे. स्वस्तातली घे म्हणालात ना, आता ऐका."

टिटवी अंड्यांवरून उठली आणि ओरडायला लागली. वैतागून मी कॅमेरा बंद केला.

फुसफुस चालूच राहिली. उलट वाढली, कुकरमधून वाफ सुटावी तशी.

"हलू नकोस." यांचा असा आवाज मी संसारात कधी ऐकला नव्हता. "घोणस आहे. तुझ्या कोपराजवळ, गवतात."

मी श्वास रोखला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तरी पापणी लववायचं धाडस होईना. छातीखाली खडे टोचत होते आणि हृदय त्यांच्यावरच आपटत होतं. ते धडधडणं तिला जमिनीतून कळत असेल का, एवढंच मनात येत होतं.

ओरडून ओरडून टिटवी गप्प झाली. मग तो आवाजही थांबला.

"गेली का हो?" मी ओठांतल्या ओठांत विचारलं.

हे बाभळीआडून वाकून माझ्या कोपराजवळ निरखू लागले.

"गवत हललं नाही गं."