क्लासची का नोकरीची?

"क्लासची का नोकरीची?" जाळीच्या दाराआडून बाईनं विचारलं.

"नोकरीची," सृष्टी म्हणाली.

"मग न्हाई जमायचं." दार लागलंसुद्धा.

सकाळपासूनचं हे चौथं घर. लेकीसोबत आलेल्या बसलिंगप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देगलूरच्या बाजारात तीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस तो. तिथं त्याच्या शब्दाला वजन होतं. इथं लातुरात त्याला कुणी पायरीवर बसा म्हणेना, पाणी विचारणं तर लांबच.

तसं लातूर म्हणजे खोल्यांचंच गाव. ज्या गल्लीत जावं तिथं घराघरावर पाटी. पण सगळ्या खोल्या क्लासच्या पोरींसाठी. नीटची तयारी करायची, आठच्या आत गेटमध्ये यायचं, आईबापाला फोन लावायचा. तेवीस वर्षांची, स्वतः कमावणारी पोरगी म्हटली की जो तो असा बघतो, जणू ती भांडीच उचलायला आलीय!

उद्या सकाळी दहाला सृष्टीला डाळमिलच्या हापिसात हजर व्हायचं होतं. अकाउंटंट म्हणून. पहिलीच नोकरी. बसलिंगप्पाच्या ते मनात नव्हतं. उदगीरचं एक चांगलं स्थळ चालून आलं होतं. लई रुसवेफुगवे झाल्यावर तो एका अटीवर तिला घेऊन निघाला होता. "पाचच्या देगलूर गाडीच्या आत बऱ्या घरात खोली मिळाली तर राहा. नसता गुमान माझ्यासंगं परत." आता साडेतीन वाजून गेले होते.

गंमत अशी, की परत न्यायला टपलेला बापच आता इरेला पेटला होता. "गाव हाय का काय हे? माझी पोरगी काय रस्त्यावर पडलीय?" असं बडबडत तोच पुढं चालला होता. सृष्टी मागून बॅग ओढत, मोबाईलवरची यादी बघत, "आता डावीकडं, अप्पा," एवढंच सांगायची.

"रडू नको," तो म्हणाला.

"मी कुठं रडतेय?"

पाचव्या घरी मालक स्वतः गेटवर आले. मल्लिनाथ मास्तर, रिटायर झालेले, कपाळावर विभूती. आपलाच माणूस म्हणून बसलिंगप्पाला हुरूप आला. शरणार्थ म्हणत नमस्कार झाले. पाव्हण्यारावळ्यांची ओळख निघाली. मास्तरांनी खोलीची किल्लीसुद्धा हातात घेतली. मग सहज विचारलं, "काम कसलं म्हणलात पोरीचं?"

"हिशेबाचं," सृष्टी म्हणाली.

"म्हणजे मार्च एंडला उशीर होणार." मास्तरांनी किल्ली खिशात टाकली. "राग नका मानू. पोरगी चांगलीच असंल. पण रात्री धा-अकराला एकटी बाईमाणूस गेट उघडून येणार, चार लोक बघणार. आमच्या घराला एक वळण हाय."

झालं! बसलिंगप्पाचा तोल गेला. "वळण? काम करून थकून येणाऱ्या पोरीला दाराबाहेर उभं करायचं, ह्याला वळण म्हणता? ती काय जत्रा बघून येणार हाय का? मार्चमध्ये काम असतंय म्हणून उशीर होतोय! कपाळाला विभूती फासता अन् लेकीच्या वयाच्या पोरीवर संशय घेता? लाज वाटू द्या, मास्तर, लाज!"

गल्लीतल्या गॅलऱ्या भरल्या. मास्तरांनी गेटची कडी लावली.

कोपऱ्यावर आला तरी बसलिंगप्पाची बडबड चालूच होती. घड्याळात पावणेपाच. त्यानं ते बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "जाऊ दे ती गाडी. तू इथंच नोकरी करणार. तुला खोली मिळाल्याबिगर मी हे गाव सोडत न्हाई."

सृष्टी थांबली. दिवसभरात पहिल्यांदा तिनं बापाकडं नीट पाहिलं.

"चला मग," ती म्हणाली. "एक घर राहिलंय."

दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट होता. बेल वाजवली तसं तिशीतल्या एका बाईनं दार उघडलं. तिनं ना क्लास विचारला ना नोकरी. "आलीस? सकाळपासून वाट बघतेय. तुझी खोली झाडून ठेवलीय," म्हणत तिनं बॅग हातातून घेतली. मग मागं उभ्या बसलिंगप्पावर तिची नजर गेली आणि ती बॅग घेऊन दारातच थबकली.

त्यानंही तिला ओळखलं. उज्वला. बँकेतली. दोन वर्षांमागं देगलूरला त्याच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. सृष्टीला संध्याकाळी समोर बसवून हिशेब शिकवायची ती हीच. एकतीस मार्चला बँकेतून यायला तिला अकरा वाजले होते. बसलिंगप्पानं गेट उघडलं नव्हतं. असल्या बाया आमच्या घरात चालत न्हाईत, असं आतूनच सुनावलं होतं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. दुसऱ्या दिवशी तिचं सामान ओसरीवर काढून ठेवलं होतं.

"बसा काका," उज्वला म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

बसलिंगप्पा बसला नाही. त्याला शरम वाटली, लई वाटली, पण शरम वाटल्यावर काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला रागावताच येत होतं. दातओठ खात तो लेकीला म्हणाला, "खोली ठरलेली होती, तर मला सकाळपासून दारोदार कशाला फिरवलंस?"

"'आमच्या घरात चालत न्हाई' हे तुम्ही आजवर नुसतं बोलत आलात, अप्पा," सृष्टी म्हणाली. "कधी ऐकलं नव्हतं."