विरोधी बाजू

"विरोधी बाजू अशी मांडा, की विरोधकानेच मान डोलवावी. खोडायचं त्यानंतर," निबंध शिकवताना बाईंनी बजावलं होतं. गौरवीने लिहिलं होतं, गावची खाण पुन्हा सुरू करू नये. आणि विरोधक घरातच होता. खाण बंद झाल्यापासून बाबांचा ट्रक अंगणात उभा होता. पायरीवर बसून, किल्ली बोटांत फिरवत ते निबंध ऐकू लागले. आधी त्यांचीच बाजू होती: डिचोलीत दुसऱ्याच्या गाडीवर चाकरी, ताईचं सुटलेलं कॉलेज, तिने काहीच गाळलं नाही. किल्ली थांबली. "बरोबर लिहिलंस गो. फुडे?" "आता तुमचं म्हणणं खोडायचं," ती चाचरली. "मग खोड." तिने लाल धूळ वाचली, आईचा खोकला वाचला. बाबा उठले. तिने वही मिटली. ते ट्रककडे न जाता अंगणाच्या कडेच्या विहिरीपाशी थांबले. "हिचं लिहायचं राहिलं. खाण खोल गेली तशी ही आटली. ते आधी घाल."