भोकाचा चमचा

आधी लिकाच्या हातातला चमचा पडला, मग लिका. संडासाच्या दाराशी मांडलेल्या एकट्या टेबलाजवळ त्याचे डोके फरशीवर आपटले, मान मागे वळली आणि हातपाय झटके देऊ लागले. जेवणघरातले कैदी मामालिगाचा, मक्याच्या घट्ट लापशीचा, घास तसाच धरून पाहत राहिले. कोणी उठले नाही. हे क्रौर्य होते असे म्हणता येणार नाही. हा नियम होता.

किशिनाऊ शहराजवळच्या या तुरुंगात पुरुषावर प्रेम करणारा पुरुष ‘खालचा’ ठरे. त्याचे टेबल वेगळे, काम संडास धुण्याचे. चमचाही वेगळा, तो चुकूनही दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून दांड्याच्या टोकाला भोक पाडलेला. खालच्याला शिवणारा, त्याचे उष्टे घेणारा त्याच क्षणी खालचा होई, आणि तिथून वर येण्याची वाट नव्हती. भोके पाडण्याचे काम म्हाताऱ्या पोर्फिरकडे होते. साधने दोन: खिळा आणि दगड. तो स्वतः चमचा दांड्याच्या टोकावर अंगठा दाबून धरी. संधिवात असावा, असे सगळे समजत.

खिडकीजवळच्या टेबलावरून झाहारिया उठला.

तो एके काळी देशासाठी वजने उचलत असे. मग पाठीचा मणका सरकला, दुखण्यावर सुई आली, पुढे दुखणे राहिले बाजूला आणि सुई उरली. शेवटी त्याने औषधाचे दुकान फोडले आणि पहारेकऱ्याचा जबडाही. बराकीचा म्होरक्या त्रिफान याने त्याला आल्याबरोबर आपल्या, खिडकीजवळच्या मानाच्या टेबलावर घेतले होते. रविवारी अंगणात झाहारिया सिमेंट भरलेल्या डब्यांचा दांडा डोक्यावर नेई, आणि साऱ्या बराकीची मान ताठ होई.

तो गुडघ्यांवर बसला. लिकाला त्याने कुशीवर वळवले, डोक्याखाली आपला कोट सरकवला आणि वाट पाहिली. झटके थांबले. ते बहुधा आपोआपच थांबतात, त्यात चमत्कार नसतो. मात्र कुशीवर वळवायला कोणाचा तरी हात लागतो.

लिकाने डोळे उघडले, आपण कोणाच्या हातांत आहोत हे ओळखले आणि अंग चोरले.

“सोड मला! वेडा झालास का? सगळे बघतायत.”

“बघू देत. पाणी पी.”

झाहारियाने आपला पेला त्याच्या ओठांना लावला. उरलेले पाणी तो स्वतः प्यायला.

चमच्यांचा आवाज थांबला. त्रिफान सावकाश उभा राहिला. त्याला आपला पैलवान गमवायचा नव्हता, आणि नियमात एक पळवाट होती: अजाणता शिवले तर दोष नाही.

“नवा आहे हा,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. “ह्याला कुणी सांगितलंच नसणार. काय रे पैलवान, माहीत नव्हतं ना तुला?”

“बैलाला काय कळतंय, दादा!” कोणीतरी ओरडले. “उद्या मोरीतलं पण पिईल!”

जेवणघर हसले. त्या हसण्यात सुटका होती.

“म्हण ना,” त्रिफान आवाज उतरवून म्हणाला. “माहीत नव्हतं, एवढंच म्हण. आणि ये इकडे, मटण निवतंय.”

तुरुंगात आल्यावर सुई बंद झाली तेव्हाचे दिवस झाहारियाला आठवत होते. तो ओकत होता, थरथरत होता, आणि खिडकीजवळची मंडळी नाकावर पांघरूण ओढून झोपत होती. त्याची बादली लिका उचलत असे. पाण्याचा तांब्या मात्र तो कधी हाताने देत नसे. फडक्याच्या काठीने लांबूनच ढकले. या अनोळखी, अर्धमेल्या माणसाला आपला विटाळ होऊ नये, त्याची खिडकीजवळची जागा जाऊ नये, म्हणून.

त्याहूनही मागचे एक आठवत होते. सराव शिबिरातली खोली, शेजारच्या खाटेवर झोपलेला सोबती, आणि त्या चेहऱ्याकडे पाहत काढलेल्या रात्री. सकाळी ‘तसल्या’ माणसांवर विनोद झाला की सर्वांत मोठ्याने झाहारियाच हसे. डॉक्टरांनी दुखण्याचे कारण मणका असे लिहिले. मणकाही होताच.

वजन डोक्यावर नेले म्हणजे उचलले असे होत नाही. पंचांची खूण होईपर्यंत ते स्थिर धरावे लागते.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “तुमच्या टेबलावर बसलो, ते खोटं होतं, दादा. मी पहिल्यापासून इथलाच.”

आता कोणी हसले नाही. त्रिफान मान न वळवता म्हणाला, “पोर्फिर. चमचा.”

पोर्फिरने झाहारियाचा चमचा उंबऱ्यावर ठेवला आणि दांड्यावर खिळा टेकवला. ॲल्युमिनियम मऊ असते, एका घावाचे काम. त्या दिवशी म्हाताऱ्याला बरेच घाव घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासाजवळच्या टेबलावर दोघे बसले. पोर्फिर आपली वाटी घेऊन आला आणि खिडकीकडे न वळता सरळ चालत राहिला.

“ओ काका, तिकडं कुठं? ती वाट संडासाची!”

“ठाऊक आहे रे,” पोर्फिर म्हणाला.

तो लिकाशेजारी बसला. चमचा नेहमीसारखा धरून त्याने पहिला घास घेतला. मग चमचा टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि दांड्यावरचा अंगठा उचलला. त्याखाली भोक होते, आणि त्याच्या कडा वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झाल्या होत्या.