दुष्काळ बघायला आलेली बस

प्राणिसंग्रहालयातली तीन महिन्यांची इंटर्नशिप संपवून दैवशाला घरी न जाता थेट धारूरजवळच्या चारा छावणीत उतरली. सहकारी साखर कारखान्यानं उघडलेल्या या छावणीत तिचे वडील शहादेव गाय घेऊन शिमग्यापासून मुक्कामाला होते.

"काय काम होतं गं तिथं?" त्यांनी विचारलं.

"बघायला आलेल्या पोरांना जनावरांची माहिती सांगायची, आण्णा. दिवसभर तेच. लई थकले."

तेवढ्यात शहरातल्या एका शाळेची बस आली. दुष्काळ बघायला आणलेली मुलं गाईपुढं ओळीनं उभी राहिली. त्यांच्या बाईंना काहीच सांगता येईना, तेव्हा दैवशालाच सवयीनं पुढं झाली.

"ही लाल कंधारी गाय. हिला दिवसाला पन्नास लिटर पाणी लागतं. गावात पाणी उरलं नाही, म्हणून हिला इथं आणून ठेवलंय."

एका मुलीनं गाईशेजारी खाटेवर बसलेल्या शहादेवांकडं बोट केलं.

"ताई, आणि या आजोबांना का ठेवलंय?"

शहादेव हसले.

"मी हिच्यासंगंच आलो, बाळा. पाऊस झाला की दोघं बी घरी जाऊ."