कणीक

ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा मांडीवर घेऊन गोजराबाई विद्यापीठाच्या रंगमंचामागे बसल्या होत्या. त्यांची सून शलाका इथं पखवाज शिकवायची आणि आज पाहुण्या गायकबुवांना साथ करणार होती. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक सासूबाईंनीच तिंबायची, हा घरचा शिरस्ता होता.

विभागप्रमुख चाचरत शलाकाजवळ आले. "मॅडम, बुवा म्हणतात, बाईच्या साथीवर गाणार नाही. तुमचाच विद्यार्थी वाजवेल. तुम्ही तंबोऱ्यावर बसा."

शलाकाची मान खाली गेली. गोजराबाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो साहेब, पोरांना शिकवायला बाई चालते, आणि वाजवायला बसली की पखवाज बाटतो होय? सून आहे ती माझी, तोंडी लावायचं लोणचं नव्हे!"

"आई, हळू बोला. बुवा शेजारच्याच खोलीत तंबोरा जुळवताहेत."

"ऐकू दे की! त्यासाठीच ओरडतेय." त्यांनी फडकं सोडलं. "ही कणीक तर तिंबून आणलीच आहे. आणखी कुणाची तिंबायची असेल, तर हात अजून शाबूत आहेत माझे!"

शेजारचा तंबोरा एकाएकी थांबला.

शलाकानं मान वर केली, गोळा उचलला आणि रंगमंचाकडे निघाली. "आधी पखवाजाला लावते, आई. मग बुवांचं बघू."