आरोग्याच्या तासाचा खटला

शालूला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं, तेव्हा कठड्यावरून तिचे फक्त डोळे दिसत होते. शिपायानं पायाखाली खोका दिला. मग नाक आणि तोंडही न्यायालयासमोर आलं.

“बाळ, मास्तर वर्गात काय म्हणाले ते सांग,” वकील म्हणाले.

शालूनं समोर पाहिलं. आरोपीच्या जागी तिचे ह्युबर्ट मास्तर उभे होते. हातात खडू नव्हता, तरी बोटं झटकत होते.

“आधी दगड जेवंल, मंग मानूस,” शालूनं पाढा म्हणावा तसं सांगितलं.

कोर्टात कुजबुज उठली. वाक्य देवाच्या नैवेद्याबद्दल आहे, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कारकुनानं ते लिहिण्याआधी स्वतःच्या गालांवर दोन हलक्या चापट्या मारून घेतल्या.

शालूचे वडील दाजी हे मुर्ध्याच्या मिठागरावर मुकादम. त्यांच्या कानावर हे वाक्य घातलं ते गावदेवीच्या देवळाचे पंच बाबाजी यांनी. बाबाजी हेडमास्तरांना भेटायला भाईंदरच्या शाळेत गेले होते. व्हरांड्यातून जाताना चौथीच्या वर्गातून ह्युबर्ट मास्तरांचा खणखणीत आवाज आला. पुढचं ऐकायला बाबाजी थांबले नाहीत. धर्म बुडत असताना कोण थांबतो? ते तडक मुर्ध्याला आले.

“दाजी, त्या उत्तनच्या मास्तरानं आपल्या देवाला दगड म्हटलं! आणि तेही आपल्या बोलीत, वेडावून. एरवी बघावं तर पुस्तकासारखा बोलतोय!”

दाजींनी शालूला पुढ्यात उभं केलं. “खरं सांग. असा बोलला मास्तर?”

“बोलले. पन बाबा...”

“बोलला ना? मंग झाला. पन काय न्हाय.”

त्या दिवसापासून शालू नीट जेवेना. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. दाजींनी गाठलेल्या ठाण्याच्या वकिलांना हे कळलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “फिर्याद मुलीच्याच नावानं घालू. तुम्ही पालक म्हणून सही करा. जेवत नाही म्हणता? फारच छान. भावना दुखावल्याचा याहून चांगला पुरावा नाही.”

पंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि दाजी उभे राहणार होते, हा निव्वळ योगायोग.

विद्यार्थ्यानं गुरूवर खटला भरावा की नाही, यावर विठू न्हाव्याच्या दुकानात भरपूर चर्चा झाली. एकजण म्हणाला, “उद्या पोरं छडीवरपण दावा लावतील.” दुसरा म्हणाला, “गुरू म्हणजे देव ना? मग देवानंच देवाचा अपमान केला, तर समन्स कुणाला पाठवायचं?” विठूनं दोघांचीही दाढी केली आणि मत दिलं नाही. गिऱ्हाईक दोन्हीकडचं होतं.

मास्तरांची बाजू घ्यायला फारसं कोणी नव्हतं. माणूस सरळ, खोड म्हणावी तर एकच. पोरानं काहीही उत्तर दिलं, तरी ते आधी जसंच्या तसं मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे मागच्या बाकापर्यंत पोचेल. आणि मग निकाल द्यायचे. “महाराष्ट्राची राजधानी भाईंदर,” असं मास्तर एकदा गरजले, तेव्हा तपासणीला आलेले साहेब दारातच दचकले होते. “चूक!” हे त्यांना नंतर ऐकू आलं.

आता कोर्टात फिर्यादीचे वकील मास्तरांकडे वळले.

“त्या दिवशी विषय कोणता होता?”

“आरोग्य. जेवणाआधी काय करावं, हे विचारत होतो. हात धुवावेत, असं.”

“मग हात धुण्यात दगड कुठून आला?”

मास्तर बोटांवरचा नसलेला खडू झटकत राहिले.

“अहो, बोला काहीतरी!” त्यांचे स्वतःचे वकील कुजबुजले. “नोकरी जाईल, तुरुंगात जाल!”

मास्तरांनी एकदा शालूकडे पाहिलं. ती खोक्यावर उभी होती. काही बोलायला तिनं तोंड उघडलं होतं. बाकावरून दाजी खाकरले. तोंड मिटलं.

“वर्गातलं वर्गातच राहू द्यावं,” मास्तर म्हणाले. “वाक्य माझ्या तोंडून गेलं. मोठ्यानं गेलं. लिहून घ्या.”

तीन महिन्यांची साधी कैद झाली. शाळा निकालासाठी थांबली नव्हती. तिनं मास्तरांना आधीच काढलं होतं. कोर्टाच्या पायरीवर त्यांची बायको ज्युलियाना जेवणाचा डबा घेऊन बसली होती. शिपायानं तो आत नेऊ दिला नाही. झाकण न उघडता ती तो परत उत्तनला घेऊन गेली.

मुर्ध्यात ढोल वाजले. बाबाजींनी दाजींना हार घातला. “धर्म वाचवलात!” म्हणाले. शालूलाही हार घातला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला.

हे सगळं आटपून दाजी घरी पोचले, तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. हातपाय धुऊन ते पाटावर बसले. समोर वाफाळता भात, वर बोंबलाचं कालवण. देवासाठी बायकोनं, शेवंतीनं, वाटीत गूळ-खोबरं वेगळं काढलं होतं.

“जरा दम धरा,” ती देव्हाऱ्यातल्या शेंदूर फासलेल्या दगडी तांदळ्यापुढे पाणी फिरवत म्हणाली. “निवद दावायचाय अजून.”

शालू भिंतीला टेकून बापाच्या तोंडाकडे बघत बसली होती. दाजींनी भाताकडे गेलेला हात रोजच्यासारखा मागे घेतला आणि रोजच्यासारखेच करवादले, “आधी दगड जेवंल, मंग मानूस!”