झिजलेली मूठ

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात आमच्या गावात जुन्या यादवी युद्धातल्या लढाईचा नाटकासारखा खेळ होतो. त्यासाठी मी नवी नकली रिव्हॉल्व्हरं जुनी करून देतो. व्हिनेगरने निळा मुलामा उतरवायचा, गंज चढवायचा आणि हात लागतो तिथे पॉलिश पेपरने झिजवायचं.

काल हाती घेतलेल्या रिव्हॉल्व्हरच्या लाकडी मुठीला मी अजून पेपर लावला नव्हता. सकाळी बघतो तर ती झिजलेली. अंगठ्याची आणि बोटांची जागा खोल, गुळगुळीत. माझी बोटं तिच्यात बसेनात.

बायकोला विचारलं, "व्हर्नेल, हे तू केलंस?"

"चाळीस वर्षांत मी तुझ्या एका तरी बंदुकीला शिवलेय का, म्हाताऱ्या?"

"जरा धरून बघ."

पिठाचा हात पुसून तिने मूठ धरली. बोटं खाचांत नेमकी बसली. तिचं हसू थांबलं.

"ऑरिन, सुटत नाहीये."

"चेष्टा पुरे."

"हात माझं ऐकत नाहीये. बाजूला हो ना रे!"

नळी माझ्याकडे वळली. तिच्या अंगठ्याने सराईतपणे घोडा मागे ओढला. गोळ्यांचं चक्र एक घर फिरलं. मी कधीच न भरलेल्या त्या घरांच्या तोंडाशी शिसं चमकत होतं.